नवचाळीसची ट्राम

२४ मार्च, सोमवार

व्हिसा आला! दोघींचा. पासपोर्टातलं ते पान किती वेळा उघडून पाहिलं ते लिहीत नाही. नावाचं स्पेलिंग सहा वेळा तपासलं. बरोबर आहे. आईचंही.

नवी वही काढली. बाबा म्हणाले, "एकोणिसावी? अजून संपल्या नाहीत का तुझ्या चुका?" सवय त्यांनीच लावली. पहिली-दुसरीला दोह्यात शाळेत जागा मिळाली नाही, म्हणून घरीच शिकले, जेवायच्या टेबलावर. बाबांकडे गणित, आईकडे मराठी. रोज संध्याकाळी दिवसभरातल्या चुका वहीत. डावीकडे चु., उजवीकडे ब., खाली बाबांची सही. सही केव्हाच थांबली. मी थांबले नाही. चोवीस वर्षांची घोडी झाले तरी.

आजचं —
चु. व्हिसा बघून रडले.
ब. रडले ते बरोबरच.

२७ मार्च, गुरुवार

रजा मंजूर. ईदच्या सुट्टीला जोडून. साहेब म्हणाले, "यल्ला, जा. पण गटारं पूर्ण करून जा." मी दिवसभर सांडपाण्याच्या पाइपांचे नकाशे काढते. कोणता पाइप कोणत्या रस्त्याखाली वळतो ते झोपेतही सांगीन. कारण स्क्रीनवर उत्तर दिशा कायम वर असते. रस्त्यावर ती कुठे जाते, देव जाणे.

आणि मला नकाशे शिकायचेत. व्हिएन्नाच्या विद्यापीठात दोन वर्षं. जागा मिळाल्याचं पत्र येऊन महिना झाला. हो का नाही ते सात एप्रिलपर्यंत कळवायचं. बाबांना रोज विचारत होते, मला जमेल का, मला जमेल का. शेवटी म्हणाले, "मला काय विचारतेस? जाऊन बघ. आठवडाभर त्या गावात फिर, आईला घेऊन जा. मग तूच ठरव. फक्त एक, रस्ता विचारायला मला फोन करायचा नाही."

काका नाशिकहून व्हिडिओ कॉलवर: "जिला मॉलमध्ये स्वतःची गाडी सापडत नाही, ती जगाचे नकाशे काढणार!" आणि वर तो त्यांचा हसताना येणारा ठसका.

खोटं नाही बोलले. मागच्या महिन्यात पार्किंगमध्ये पाऊण तास. शेवटी बाबांना फोन. बाबा: "समोर काय दिसतंय?" मी: "गाड्या."

आणि बरोबर कोण, तर आई. दोह्यात बावीस वर्षं, मेट्रोत एकदाही एकटी बसली नाही. बाबा नेतात, बाबा आणतात. अल मन्सूराचं स्टेशन घराच्या खिडकीतून दिसतं. "दिसतं ना, मग झालं," म्हणते.

कागदी नकाशा छापून घेतला, चिकटपट्टी लावून जोडला. फोनमधला निळा ठिपका वापरायचा नाही, हे माझं मीच ठरवलं. तो ठिपका म्हणजे बाबाच की.

३० मार्च, रविवार

पाडवा आणि ईद एकाच दिवशी! सकाळी बाल्कनीत गुढी उभी केली, वाऱ्याने दोनदा कलली, बाबांनी पंख्याच्या वायरने बांधली. खालून नमाजाला जाणारे नवे कपडे घालून चाललेले, दोघा-तिघांनी वर बघून हात केला.

वरच्या मजल्यावरच्या रुखसाना खाला शीरखुर्मा घेऊन आल्या. रत्नागिरीच्या. आईने श्रीखंडाची वाटी हातात दिली. खाला: "गुढी नि ईद एका दिवशी. आता दोन्ही घरात भांडी कोण घासणार ता सांग." मग माझ्याकडे वळून, "ऐक गो. परक्या गावात वाट चुकलीस ना, तर शोधत फिरू नको. जिथं चुकलीस तिथंच उभी राहा. शोधणाऱ्याला तू सापडाय हवीस."

बॅग भरली. आईच्या विणायच्या सुया हातातल्या पिशवीत होत्या! विमानतळावर काढून घेतल्या असत्या. मोठ्या बॅगेत टाकल्या. आई म्हणे, "अगं, भाच्याचा स्वेटर आहे, बाही राहिलीय फक्त." एवढ्या उन्हाच्या गावात बावीस वर्षं स्वेटर विणते ही बाई.

चु. पासपोर्ट कुठे ठेवला विसरले, घर डोक्यावर घेतलं.
ब. हातात होता.

३१ मार्च, सोमवार. व्हिएन्ना!!

आलो. आलो. आलो.

थंडी नाकातून आत जाते. झाडांना पानं नाहीत, नुसते हिरवे ठिपके. ट्राम लाल. लालभडक! रस्त्याच्या मधोमध रूळ, आणि माणसं त्यावरून बिनदिक्कत चालतात.

विमानतळ ते गेस्ट हाउस: गाडी एक बदलली, ट्राम एक. वाट एकदाच चुकले, तेही स्टेशनातल्या स्टेशनात. तिथे गाडीची दिशा उत्तर-दक्षिण अशी लिहीत नाहीत, शेवटच्या स्टेशनाचं नाव लिहितात. हे आधी वाचलं होतं तरी उलट्या फलाटावर उभी. आई म्हणाली, "सगळी माणसं बॅगा घेऊन पलीकडे का गेली गं?" गेलो पलीकडे.

गेस्ट हाउस ४९ नंबरच्या ट्रामवर. मालकीण गेर्डा, सत्तरीची, उंच, पांढरे केस कापलेले. आईकडे बघून काहीतरी म्हणाली, आई मराठीत म्हणाली, "हो, दमलो बाई." दोघींचं जमलं.

आईने घड्याळ बदललं नाही. "दोह्याचंच राहू दे. तुझ्या बाबांची चहाची वेळ कळते."

१ एप्रिल, मंगळवार

इथे भुयारी गाडीच्या स्टेशनात गेटच नाही!

दोह्यात कार्ड टेकवल्याशिवाय दार उघडत नाही. चूक करायची सोयच नाही. इथे नुसता जिना. खाली उतरायचं की गाडी. वाटेत एक छोटं निळं यंत्र, त्यात तिकिटावर ठसा मारून घ्यायचा. मारला नाहीस तरी कोणी अडवत नाही. तुझं तू बघ. मला घामच फुटला. ठसा उमटला की नाही नीट दिसेना, म्हणून परत मारला.

आणि दुसऱ्याच गाडीत तपासनीस! साधे कपडे, मला वाटलं प्रवासी. खिशातून बिल्ला काढला. माझं तिकीट बघितलं, उलटवलं, परत बघितलं. मी तीन वाक्यांत सगळा कबुलीजबाब दिला इंग्रजीत. तो: "मॅडम. एकदा पुरतं." आणि हसला. आई नंतर दिवसभर, "मॅडम, एकदा पुरतं." जेवताना मी दुसऱ्यांदा मीठ घेतलं तरी तेच.

रिंगवरून, म्हणजे जुन्या गावाभोवतीच्या गोल रस्त्यावरून, ट्रामने पूर्ण फेरी मारली. ऑपेरा, संसद, विद्यापीठ, बागा. नकाशा मांडीवर, बोट रस्त्यावर फिरवत होते, आणि बोट आणि खिडकी पहिल्यांदा जुळले! बोटाखाली बाग आणि खिडकीत बाग. ओरडलेच. समोरचे आजोबा दचकले.

चु. ठसा दोनदा.
चु. ओरडले.
ब. दुसऱ्या चुकीला ब. नाही. परत ओरडेन.

२ एप्रिल, बुधवार

हे नीट लिहायचं. विसरायला नको.

सकाळी नाश्त्याच्या खोलीत गेर्डा मोजे विणत बसलेली. आईने आपला स्वेटर काढला. दोघी शेजारी शेजारी, दोघी टाके मोजतायत, ओठातल्या ओठात. मी ब्रेडला लोणी लावतेय. आई एकदम थांबली.

"अगं ए, ही एक-आणि-तीस म्हणतेय का?"

मी म्हटलं, "हो, आइन-उंड-द्रायसिश. जर्मनमध्ये तसंच असतं. एकक आधी."

"म्हणजे एकतीस!"

"हो."

"अगं म्हणजे आपल्यासारखंच!"

खुर्ची ओढून आई आणखी जवळ सरकली. मग दोघी मोठ्याने. ही म्हणते बत्तीस, ती म्हणते दोन-आणि-तीस. तेहेतीस, तीन-आणि-तीस. चौतीस. एका तालात, सुया वाजतायत. शेजारच्या टेबलावरचं जोडपं बघायला लागलं. अडतीसपर्यंत छान गेलं. मग आई म्हणाली एकोणचाळीस, गेर्डा म्हणाली नऊ-आणि-तीस, आणि गाडी अडली. गेर्डाने बोट वर केलं: चाळीस कुठून आला? आईने चार बोटं दाखवली, त्यातलं एक अर्धं दुमडलं, मी इंग्रजीत सांगितलं, चाळीसला एक कमी, म्हणून. गेर्डा म्हणाली, "पण तो अजून आलाच नाही!" आणि इतकी हसली की टाका सुटला.

आईने ताबडतोब निकाल दिला. इथे असेपर्यंत नवतीस म्हणायचं. म्हणजे आमची ट्राम एकोणपन्नास नाही, नवचाळीस.

निघण्याआधी गेर्डाने तिच्याकडून शंभरपर्यंत म्हणवून घेतलं. दिवसभर आई दुकानांच्या रांगेत, ट्रामच्या थांब्यावर, कुठेही आकडा ऐकला की मराठीत सांगते. सदुसष्ट. ब्याऐंशी. पुटपुटत. चूक एकही नाही. इंग्रजी आकड्यांना बावीस वर्षं घाबरली ती, आणि इथे तिसऱ्या दिवशी...

मी मात्र नुसती ऐकत होते. आकड्यांचं आणि माझं जुनं आहे. तिसरीत शाळेत गेले तेव्हा बाई म्हणाल्या फॉर्टी थ्री, मी मनात म्हटलं त्रेचाळीस, त्रे आधी ऐकू आला म्हणून तीन आधी लिहिला. ३४. अख्खा वर्ग हसला. अजून कोणी नंबर सांगितला की मी लिहून परत वाचून दाखवते. बँकेत, ऑफिसात, सगळीकडे.

उद्या साडेदहाला विद्यापीठात. अभ्यासक्रमाच्या प्रमुख बाई भेटणार आहेत. त्यांनीच लिहिलंय, या, बोलू, प्रश्न असतील ते विचारा. प्रश्न अकरा काढलेत. अकरावा खोडला, मूर्खासारखा होता. परत लिहिला.

३ एप्रिल, गुरुवार

क्रमाने लिहिते.

नवाला निघालो. नवचाळीस, मग भुयारी गाडी, मग चालत. एकदाही चुकले नाही! दहा वाजून पाच मिनिटांनी दारात. आई खालीच थांबली, काउंटरसमोरच्या बाकावर, स्वेटर घेऊन. काउंटरवर दाढीवाले गृहस्थ. मी नाव सांगितलं. त्यांनी कागद बघितला आणि जर्मनमध्ये भरभर सांगितलं, दुसरा मजला आणि खोली नंबर. मी तळहातावर लिहिला. परत वाचून दाखवायचा तर ते फोनवर बोलायला लागलेले. त्रास कशाला द्यायचा. वर गेले.

खोली ३४. दार बंद. कोणी नाही. साडेदहा. पावणेअकरा. दार वाजवायचं का? कोणी आत बोलत असेल तर? सांगितल्याशिवाय वाजवणं बरं नाही. दहा वाजून बावन्न. मनात म्हटलं, विसरल्या. किंवा मला बघून परत गेल्या. किंवा हीच परीक्षा आहे, दार वाजवते का बघतायत. बाबांचा फोन नंबर हाताशी. पण हा रस्ता विचारणं होईल का? होईल.

जिन्यावरून धापा टाकत आई. हातात लोकरीचा गोळा, मागे धागा लोंबतोय.

"झालं का बघायला आले, तर तू इथे काय करतेयस?"

"वाट बघतेय."

"अगं पण हे चौतीस आहे!"

"मग?"

"तो त्रेचाळीस म्हणाला."

"तुला काय कळतं जर्मन?"

"द्राय-उंड-फिअर्त्सिश. तीन-आणि-चाळीस. चार दिवस टाके काय उगाच मोजतेय मी?"

(दोन दिवस. चार नाही. पण तेव्हा हे बोलले नाही.)

हात उघडून बघितला. ३४. तिसरीतलं ३४. तेच. पंधरा वर्षांनी, परदेशात, पेनने, माझ्या हातावर.

पळाले. ४३ त्याच मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. बाई दार उघडं ठेवून बसलेल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. मी माफी मागायला सुरुवात केली आणि थांबेचना. हात दाखवला. मराठीत त्रेचाळीस कसं म्हणतात ते सांगितलं, घरातली शाळा सांगितली, वर्ग हसला ते सांगितलं, सगळं. एका श्वासात. मनात म्हणत होते, गप्प बस, गप्प बस.

बाईंनी चष्मा खाली घेतला. "ह्याला आमच्याकडे शब्द आहे," म्हणाल्या. "त्साहलनड्रेअर."

फिरलेला आकडा. उलटा पडलेला आकडा. अख्ख्या देशाची चूक आहे ती! त्यांचा मुलगा दुसरीत हेच करायचा. त्या स्वतः अजून फोनवर नंबर घेताना पहिली जागा मोकळी सोडतात, मागचा आकडा आधी लिहितात, मग पुढचा. तशी सवयच असते म्हणाल्या, कितीतरी जणांना. मी विचारलं, कोणी हसत नाही? त्या म्हणाल्या, "हसतो ना. आणि परत विचारतो."

शब्द आहे. माझ्या चुकीला शब्द आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं ती फक्त माझ्याकडे आहे.

मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. "गेस्ट हाउसपासून इथपर्यंत कशा आलात ते काढा." ही खरंच परीक्षा असावी. काढलं. ट्रामचा थांबा, बेकरी, पूल, जिथे वारा फार लागतो ते वळण, काउंटर, जिना, ३४चं बंद दार, तिथून ४३. आईच्या लोकरीचा धागा पण काढला, जिन्यावर. पूर्ण झाल्यावर लक्षात आलं, उत्तर दिशा वर नाहीच. गेस्ट हाउस खाली, ४३ वर. मी म्हटलं, उत्तर चुकलं, परत काढते. बाई: "कशाला? चालणाऱ्याची वर म्हणजे पुढे." आणि टाचणीने त्यांच्या फळ्यावर लावला. माझा नकाशा! तिथे!

अकरा प्रश्नांतला एकही विचारला नाही. खाली आले तर आई आणि काउंटरवरचे गृहस्थ मिळून धागा गुंडाळत होते.

"सात तारखेला कळवाल ना?" असं निघताना बाईंनी विचारलं. मी "इन्शाल्ला" म्हटलं. ऑस्ट्रियात! जीभच ती.

चु. ३४
ब. ४३
(चूकच आहे. पण तिला नाव आहे.)

४ एप्रिल, शुक्रवार

आज आई हरवली. म्हणजे मी हरवले. म्हणजे...

रिंगवरून परत येताना थांब्यावर ट्राम आली. आई चढली. मी पाटीवर दिशा बघत राहिले, एकदा बघितली, खात्रीसाठी परत बघितली. एकदा पुरतं, मॅडम! दार बंद. काचेआड आईचा चेहरा, तोंड उघडं. ट्राम गेली.

आईच्या फोनमध्ये इथलं सिम नाही. इंग्रजी जेमतेम. मी धावायला लागले रुळांच्या कडेने, मग खालांचं आठवलं. जिथं चुकलीस तिथंच उभी राहा. उभी राहिले. पाय आपोआप चालायला बघत होते. फोन काढला. बाबांचं नाव समोर, अंगठा त्यावर. लावला असता तर बाबा काय करणार होते दोह्यातून? हे कळत होतं तरी अंगठा हलेना, ना इकडे ना तिकडे. मनात हिशेब चालू: मी इथे शिकायला आले, आणि आई तिथे, आणि हे असं दार बंद झालं, तर?

पाच ट्राम गेल्या. आठवडाभर जो फोन हातात धरला नाही तो घामाने ओला.

बावीस मिनिटांनी पलीकडच्या बाजूला उलट्या दिशेची ४९ थांबली. त्यातून आई उतरली. गाल लाल. रस्ता ओलांडताना सिग्नलला नीट थांबली, हिरवा झाल्यावर आली. मी मिठी मारायला गेले तर म्हणते, "थांब, आधी ऐक! दोन थांबे गेले. उतरले. पलीकडे गेले. एका मुलीला विचारलं नॉयन-उंड-फिअर्त्सिश? ती 'या' म्हणाली, म्हणजे हो. ट्राम आली, बसले. एक सुलट, एक उलट! सोपंय गं!"

मी रडत होते.

"तू रडतेस कशाला? मी आले ना. मी एकटी आले!" मग माझ्याकडे बघून, एकदम लहान मुलीसारखं: "तू इथेच थांब. मी परत जाऊन येते."

आणि गेली! खरंच गेली. खिडकीतून हात हलवत. मी थांब्यावर उभी, हसू आणि डोळे दोन्ही वाहतायत, शेजारच्या बाईने रुमाल दिला. (चु. परत द्यायचा राहिला.) यावेळी चार थांबे जाऊन आली. पिशवीत सफरचंदाचा गोड रोल, एक मला.

चु. बाबांचं नाव काढलं.
ब. लावला नाही.

५ एप्रिल, शनिवार

शेवटचा दिवस. आज नकाशा बॅगेतच ठेवला. वाट पुढे होती, मी तिच्यावरून. डॅन्यूबपर्यंत. पाणी आईला वाटलं तसं निळं नव्हतं, तिने खोटं बोलल्याबद्दल कोणाला तरी रागावून घेतलं. प्राटर बागेतल्या मोठ्या आकाशपाळण्यात बसलो. वरून शहर दिसलं. मी आईला दाखवत गेले, ते आपलं गेस्ट हाउस, तो रिंग, तिकडे विद्यापीठ. तीनपैकी दोन तरी बरोबर असतील.

आई वरच्या टोकाला म्हणाली, "राहशील तू इथे." विचारलं की सांगितलं, कळलं नाही. मी विचारलं, "तू राहशील तिथे?" आई बघत राहिली खाली. "बघू."

गेर्डाने जाताना आईला मोज्यांची एक जोडी दिली. आईने स्वेटरची उरलेली लोकर. गेर्डा: "एकोणचालीस!" म्हणाली चक्क. तिला पाठ झालाय.

६ एप्रिल, रविवार. दोहा

विमानातून बाहेर पडलो तर गरम हवेने मिठी मारली. बाबा दाराशी. "फोन आला नाही एकही. हरवल्यात की काय वाटलं."

आई म्हणाली, "हरवलो ना. दोनदा."

घरी चहा घेताना सगळं सांगितलं, आईने जास्त, मी कमी. ३४-४३ वर आल्यावर बाबा उठून आत गेले. मला वाटलं कंटाळले. पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज. वही क्रमांक तीन घेऊन आले, तपकिरी पुठ्ठ्याची, माझ्या तिसरीतल्या अक्षरातली. पान उघडून माझ्यापुढे धरलं.

चु. ३४. ब. ४३. आणि खाली ४३, ४३, ४३... बाबांनी लिहायला लावलं होतं. मोजलं मी. त्रेचाळीस वेळा. खाली त्यांची सही.

बाबा म्हणाले, "त्रेचाळीस मी शिकवला. मग फॉर्टी थ्रीच्या शाळेत मीच घातलं. आणि चूक तुझी धरली." वही टेबलावर ठेवली. "पुन्हा सांग तो शब्द."

"त्साहलनड्रेअर."

दोनदा म्हणून बघितला. नीट जमला नाही. खिशातून पेन काढलं, सहीखाली तो शब्द मराठीत लिहिला.

उद्या सात तारीख.

७ एप्रिल, सोमवार

ऑफिसातून लवकर आले. साडेचार. व्हिएन्नाला सहापर्यंत, म्हणजे आपल्याला सात.

पत्र लिहून तयार आहे. 'हो'चं. चार ओळी. 'नाही'चं पण लिहिलं होतं सकाळी, ते नीटच जमेना, सारखं लांबत गेलं. 'हो'चं एकदाच लिहिलं.

नेहमीसारखं बाबांपुढे लॅपटॉप ठेवला. तपासून द्या. माझं एकही पत्र त्यांनी वाचल्याशिवाय कधी गेलं नाही, शाळेपासून. बाबांनी झाकण अर्धं मिटलं.

"मी नाही तपासणार."

"चूक राहिली तर?"

"राहू दे. तिकडे शब्द आहे ना तिला."

आणि गेले बाल्कनीत. पंख्याची वायर अजून तिथेच आहे, ती सोडवत बसले.

घरात आई नाही. दुपारी मेट्रोने गेली, एकटी. सूक वाकिफच्या बाजारात, लोकर आणायला. गेर्डासाठी काहीतरी सुरू करायचंय. बाबांनी गाडीची किल्ली उचलली तर म्हणाली, "खिडकीतून दिसतं ना स्टेशन, मग?" बाबा तेव्हापासून खिडकीत आणि बाल्कनीत, आलटून पालटून.

आत्ता फोन आला तिचा. मागे स्टेशनातली घोषणा.

"अगं, मुशेरिबला गाडी बदलली ना, उलट्या गाडीत बसले बहुतेक. मन्सूरा यायला हवं होतं, भलतंच काहीतरी आलं."

मी म्हटलं, "आई, तिथेच थांब, मी सांगते कसं—"

"नाही! सांगू नकोस. माझी मी येते."

फोन ठेवला तिने. मी लॅपटॉप पुन्हा उघडला. पत्र तसंच आहे. एकदा वाचलं, पाठवलं.

पाच वाजून दहा. बाबा बाल्कनीतून विचारतायत, "आली का?"

येतेय.